विहिरीच्या पाण्याची राखण : आधी नोंद, मग निदान

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील कमी पावसाचे तालुके होत. घोड, भीमा व मुळा-मुठा या नद्या आणि कालवे यांच्यामुळे येथे ऊस व इतर बागायती पिके वाढली. तथापि कालव्यापासून दूर असलेल्या गावांची पुष्कळशी शेती आजही विहिरी व विंधनविहिरी यांवरच अवलंबून आहे. याच परिसरात साखर कारखाने आहेत, तसेच रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक क्षेत्रे आहेत. म्हणून विहिरीत पाणी किती आहे याबरोबरच ते कसे आहे, हे पाहणेही अगत्याचे आहे.

या भागातील खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, होय. त्यात पाणी सर्वत्र सारखे साठत नाही. मुरूम, सच्छिद्र थर व खडकातील भेगा यांतून ते सामान्यतः उंचवट्याकडून ओढ्या-नदीकडे वाहते. जादा खत, गावचे सांडपाणी किंवा कारखान्याचे क्षारयुक्त पाणी जमिनीत मुरले, तर ते याच वाटेने जाते. एक विहीर बिघडते व शेजारची चांगली राहते, ती यामुळेच. भेगांत शिरलेले क्षार धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे लागू शकतात. तोवर माणसे, जनावरे व पिके यांना त्याची झळ पोचते.

यावर उपाय काय, हे एका परदेशी उदाहरणावरून समजेल. अमेरिकेत काही ठिकाणी युरेनियम काढण्यासाठी खाण खणत नाहीत. विहिरींतून द्रावण भूगर्भात सोडतात आणि विरघळलेल्या खनिजासह ते दुसऱ्या विहिरींतून उपसून घेतात. हे द्रावण आसपासच्या पाण्यात शिरू नये म्हणून कडक नियम आहेत. काम सुरू होण्यापूर्वीच पाण्याचे गुणधर्म नोंदवावे लागतात. क्षेत्राभोवती निरीक्षण-विहिरींचे कडे असते व त्यांतील पाणी साधारणतः दर पंधरवड्यास तपासतात. क्लोराइड हा क्षार खडकात अडकून न राहता पाण्याबरोबर पुढे सरकतो. म्हणून धोक्याची पहिली सूचना त्याच्यापासून मिळते. शिरूर-दौंडमध्ये असे खनिकर्म नाही. परंतु आधीची नोंद, योग्य जागची विहीर व ठरलेल्या वेळची तपासणी ही तीन तत्त्वे येथेही तितकीच उपयोगी आहेत.

विहिरींची निवड

ज्या जागेविषयी शंका असेल तिच्या वरच्या अंगाची एक, लगतची एक व उताराच्या अंगाच्या दोन विहिरी निवडाव्यात. वरच्या विहिरीचे पाणी तुलनेसाठी लागते. पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर यात अवश्य असावी.

मोजमाप व नमुना

राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावानेही ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजणी करावी. रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी, कठड्यावरील एकाच खुणेपासून, वजन बांधलेल्या फितीने पाण्यापर्यंतची खोली मोजावी.

नमुन्यासाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. विंधनविहिरीचा पंप आधी काही मिनिटे चालू ठेवावा. बाटलीवर गाव, गट क्रमांक, तारीख व वेळ लिहून ती लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावी. क्लोराइड, नायट्रेट व विद्युतवाहकता यांची तपासणी मागावी. जंतुतपासणीसाठी प्रयोगशाळेकडून मिळणारी निर्जंतुक बाटली वेगळी वापरावी. ती विसळू नये.

नोंदीचा अर्थ

सर्व विहिरींतील क्षार उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यानंतर उतरत असतील, तर तो बहुधा ऋतूचा परिणाम समजावा. परंतु वरच्या विहिरीत क्लोराइड लिटरला ६० मिलिग्रॅमवर स्थिर असून खालच्या विहिरीत ते ७० वरून १६० वर गेले, असे समजा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे १६० हा आकडा मर्यादेच्या आत असूनही इशारा देणारा आहे. जुनी नोंद नसती, तर हे पाणी निर्दोष ठरले असते. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते पाणी तान्ह्या मुलांना मुळीच देऊ नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही.

इशारा मिळताच लगेच दुसरा नमुना तपासून खात्री करावी. नंतर ग्रामपंचायतीमार्फत भूजल यंत्रणा व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना नोंदवहीच्या प्रतीसह लेखी कळवावे. तारीखवार आकडे जोडलेल्या अर्जाला नुसत्या तक्रारीपेक्षा अधिक वजन असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही वही ग्रामपंचायतीत सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. पाणी चांगले आहे तोवरच पहिली नोंद करावी. बिघडल्यानंतर ती करता येत नाही.