चेंगडूचे जनउद्यान : एका पेल्यावर दिवसभराची बैठक

चीनच्या नैर्ऋत्य भागातील सिचुआन प्रांताची राजधानी चेंगडू हिच्या ऐन मध्यवस्तीत ‘रनमिन गोंगयुआन’, म्हणजे जनउद्यान, ही सुमारे 11 हेक्टरांची आणि प्रवेशमूल्य नसलेली बाग आहे. परदेशी प्रवासी या शहरात बहुधा पांडा पाहण्यासाठी येतात. परंतु तेथील सामान्य माणूस आपला मोकळा वेळ कसा घालवतो हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने या बागेत अर्धा दिवस बैठक मारावी हे उत्तम, कारण धावती फेरी मारून निघणाऱ्याच्या हाती तेथील जीवन फारसे लागत नाही.

ही जागा पूर्वी सर्वांसाठी खुली नव्हती. छिंग राजघराणे मांचू वंशाचे असल्यामुळे त्याने चीनमधील प्रमुख शहरांत मांचू शिपायांच्या तटबंद छावण्या वसवल्या होत्या, आणि चेंगडूची अशी छावणी ‘शाओचंग’ या नावाने ओळखली जात असे. राजवटीच्या अखेरच्या काळात या शिपायांच्या कुटुंबांची उपजीविका खालावली, तेव्हा छावणीचा सेनापती युकुन याने त्यांना उत्पन्नाचे साधन मिळावे म्हणून 1911 मध्ये आतील मोकळ्या जमिनीवर उद्यान खुले केले.

त्याच वर्षी छिंग सरकारने सिचुआनमधून जाणारा नियोजित लोहमार्ग सरकारजमा करून त्याच्या आधारे परकीय कर्ज उभारण्याचे ठरवले. या मार्गासाठी जमिनीच्या उत्पन्नावरील पट्टीच्या रूपाने शेतकऱ्यांकडूनही पैसा गोळा झालेला असल्याने प्रांतभर असंतोष उसळला, आणि 7 सप्टेंबर रोजी चेंगडूत निदर्शकांवर झालेल्या गोळीबारात अनेक जण मृत्युमुखी पडले. उठाव मोडण्यासाठी शेजारच्या हुबेई प्रांतातून फौज हलवण्यात आल्याने तेथील वुचांग शहराचा बंदोबस्त सैल पडला आणि 10 ऑक्टोबरला त्याच शहरात छिंग राजवटीविरुद्धच्या क्रांतीला तोंड फुटले. लोहमार्गासाठीच्या या आंदोलनातील हुतात्म्यांचा 1913 मध्ये उभारलेला सुमारे 32 मीटर उंचीचा स्मारकस्तंभ उद्यानात आजही उभा आहे. त्याच्या चारही बाजूंवर एकच मजकूर चार निरनिराळ्या सुलेखनकारांच्या अक्षरांत कोरलेला असून पायथ्याशी आगगाडीचे इंजिन आणि रूळ उठावशिल्पात दाखवले आहेत. रोज असंख्य लोक त्याच्या आजूबाजूला वावरतात, तरी थोडा वेळ थांबून ती चार अक्षरवळणे जरूर न्याहाळावीत.

उद्यानाचा खरा जीव मात्र तळ्याकाठच्या ‘हमिंग’ या चहागृहात आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झालेल्या या चहागृहामागे शहराची जुनी गरज आहे. चेंगडूच्या विहिरींचे पाणी मचूळ, नदीचे पाणी वाहून आणावे लागे, आणि जळणही महाग. त्यामुळे उकळलेले पाणी आणि चहा या दोन्हींसाठी चहागृह गाठणे सामान्य घरांना परवडत असे. 1909च्या सुमाराच्या एका नोंदीनुसार शहरात 454 चहागृहे होती. गिऱ्हाईक एकदा पेला घेऊन बसले की त्याने उठावे अशी अपेक्षा नसे, आणि म्हणून व्यापारातील सौदे, भांडणांचे निवाडे व नोकऱ्यांच्या गाठीभेटी तेथेच होत. हमिंगमध्ये तर शाळांच्या सहामाही नेमणुका ठरत. जुन्या पंचांगाच्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यांत शिक्षक करार मिळवण्यासाठी येथे इतकी धडपड करीत की त्या प्रकाराला ‘सहाव्या-बाराव्याची लढाई’ असे नावच पडले.

येथील चहा ‘गायवान’मध्ये, म्हणजे बशी, कानरहित पेला आणि झाकण अशा तीन भागांच्या भांड्यात मिळतो. बशी धरल्याने बोटे पोळत नाहीत आणि झाकणाने तरंगणारी पाने बाजूला सारून घोट घेता येतो. पाने तीच राहतात, वर गरम पाणी पुन्हा पुन्हा ओतले जाते. झाकण काढून बशीला टेकवून ठेवले तर पाणी हवे आहे असे वाढपी समजतो. विशेष लोकप्रिय असलेला जास्मिन चहा मराठी वाचकाला परक्या वासाचा वाटणार नाही, कारण त्यासाठी वापरले जाणारे फूल म्हणजे आपला मोगराच होय. बांबूच्या खुर्च्यांच्या रांगांतून कान कोरणारे कारागीर हातातील चिमट्याचा टणत्कार करीत हिंडतात आणि बारीक कोरणी व पिसांचा मऊ गोंडा वापरून बसल्या जागी गिऱ्हाइकाचे कान साफ करतात.

चहागृहाबाहेर एका कोपऱ्यात उपवर मुलामुलींचे जन्मवर्ष, उंची, शिक्षण, नोकरी आणि घर यांची माहिती लिहिलेले कागद लावलेले दिसतात, आणि बोलणी करणारे बहुतेक आईवडीलच असतात. मोकळ्या जागी मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांचे समूहनृत्य रंगते. या गर्दीचे एक ठोस कारण निवृत्तीच्या नियमांत आहे : अनेक दशके चीनमधील पुरुष 60व्या वर्षी, तर स्त्रिया कामाच्या स्वरूपानुसार 50 किंवा 55व्या वर्षी निवृत्त होत असत, त्यामुळे धडधाकट आणि मोकळ्या वेळेच्या धनी असलेल्या स्त्रियांची संख्या मोठी राहिली. 1 जानेवारी 2025 पासून ही वये टप्प्याटप्प्याने वाढवली जात आहेत. नृत्यमंडळांच्या कर्ण्यांवरून शेजाऱ्यांशी होणारे तंटे देशभर इतके वाढले की 5 जून 2022 पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणविषयक कायद्यात सार्वजनिक जागेतील करमणुकीच्या आवाजाचा स्वतंत्र विचार करावा लागला.

मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर उद्यानाच्याच नावाचे स्थानक आहे. सुटीच्या दुपारी पर्यटकांमुळे हमिंगमध्ये खुर्ची मिळणे कठीण होते, म्हणून आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळीच जाणे सोयीचे. शरद ऋतूत गेल्यास येथे दरवर्षी भरणारे शेवंतीचे प्रदर्शनही पाहता येते.