जुना अँप्लिफायर बिघडलेला निघाला, तर?

सत्तरच्या दशकातला सान्सुई किंवा पायोनियर हौसेनं घेतला, घरी लावला आणि एका बाजूचा आवाजच येईना. अशा वेळी बहुतेकांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. कृपया थांबा. झाकण उघडून आत सोल्डर लावलात, की ‘बिघाड तुम्हीच केलात’ असं म्हणायला विकणारा मोकळा होतो.

‘सेकंडहँड मालाला परतावा नसतो’ हा समज पक्का रुजलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुन्या मालाला वगळत नाही. मात्र विकणारा व्यापारी असावा लागतो. घरगुती विक्रेत्याच्या बाबतीत १९३०चा मालविक्री कायदा आधाराला येतो. वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, असं तो सांगतो. म्हणून ‘दोन्ही चॅनेल चालू’ असं लिहिलेली जाहिरात जपून ठेवा.

एक चॅनेल बंद म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर उडाला, असंही नाही. अँप्लिफायर बंद करून मागच्या इनपुटच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. मुकी बाजू बदलली, तर दोष वायरीत किंवा प्लेअरमध्ये आहे. तीच बाजू मुकी राहिली, तर टेप मॉनिटरचा स्विच आणि बॅलन्सची खुंटी बऱ्याच वेळा फिरवून पाहा. आवाज खरखरत येऊ-जाऊ लागला, तर संपर्कांवर मळ किंवा गंज असण्याची शक्यता मोठी. स्पीकर रिलेचंही असंच होतं. हे काम स्वस्तात होतं. एवढ्यासाठी चांगला सेट परत करू नये.

गुणगुण आली की ‘ट्रान्सफॉर्मर गेला’ म्हणतात. सगळ्या इनपुट वायरी काढल्यावर ती थांबली, तर दोष बाहेरचा. आवाजाची खुंटी शून्यावर असूनही १०० हर्ट्झची घरघर राहिली, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. ते आजही नवे मिळतात. पण ‘सगळेच कपॅसिटर बदला’ हा सल्ला मला पटत नाही. मोजमाप न करता पन्नास ठिकाणी सोल्डर लावला, की मूळ दोष शोधणं आणखी अवघड होतं.

परत करावा तो कधी? ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा वास येत असेल, किंवा आउटपुटचं जुनं एसटीके मॉड्यूल गेलं असेल, तेव्हा. यातली बरीच मॉड्यूल आता बनत नाहीत आणि बाजारात नकली भरपूर आहेत. स्पीकर जोडण्याआधी अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजून घ्या. काही मिलिव्होल्ट चालतात. काही व्होल्ट आले, तर स्पीकरची कॉइल जळू शकते. खास जपानी बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावल्यामुळेच तो जळला असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

दुरुस्ती आणि परतावा या दोहोंच्या मधलाही एक मार्ग आहे. परताव्याची मुदत संपण्याआधी मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला विकणाऱ्याला सांगा.