खोट्या कमिटांचा दिवस

सकाळी 6:30. नागावच्या वाडीत पोफळींना पाणी सोडलं की मी लॅपटॉप उघडते. वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून जड काम आधी. आज गिटचे हूक, म्हणजे कमिट किंवा पुशच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, तपासायचे. गेल्या महिन्यात आमच्या टीमच्या एका कमिटमधून पासवर्डची फाईल सर्व्हरवर गेली. प्री-रिसीव्ह हूकने ती अडवायला हवी होती. पण हूकची फाईल सर्व्हरवर नेताना तिची एक्झिक्युट परवानगी गेली होती. असा हूक गिट चालवतच नाही आणि पुश मात्र यशस्वी होतो. तो हूक मी बसवला होता. तेव्हापासून ज्याला नाकारताना पाहिलेलं नाही, त्या हूकवर मी विसंबत नाही.

7:15. खऱ्या रेपोला हात लावायचा नाही. बाजूला एक बेअर रेपो तयार केली आणि स्क्रिप्टने कमिट पाडायला घेतले. फाईल न बदलता कमिट करायला ‘अलाउ-एम्प्टी’ पुरतं. लेखकाचं नाव, ईमेल, तारीख एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून हवी ती देता येते. एकात बनावट पासवर्ड, एकात अवाढव्य फाईल, एकात तिकीट क्रमांकच नाही. प्रत्येकापुढे आधीच लिहून ठेवलं: जायला हवं की अडायला हवं. काही ‘नो-व्हेरिफाय’ लावून केले, कारण घाईतला माणूस आपल्या मशीनवरचा प्री-कमिट हूक असाच टाळतो. शेवटचा पहारा सर्व्हरवरच.

10:00. पहिला घोटाळा सापडला. पुश आला की हूकच्या हातात तीन गोष्टी येतात: जुना हॅश, नवा हॅश, ब्रँचचं नाव. ब्रँच नवीच असेल तर जुन्या हॅशच्या जागी 40 शून्यं. आमची स्क्रिप्ट ‘जुन्यापासून नव्यापर्यंत’ यादी मागत होती. शून्यांपाशी ती आपटायची, यादी रिकामी यायची, आणि रिकाम्या यादीत दोष कुठला सापडणार? बनावट पासवर्ड सरळ आत.

11:40. वीज गेली. तपासणी अशी अर्धवट थांबली की मला अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडतील, म्हणून ती 1904 मध्ये कुलाब्याहून इकडे आली. पण जुनी लगेच बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन ताडून पाहिल्या. त्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे.

3:00. आम्ही संदेश मराठीत लिहितो. ‘सुपारीच्या साठ्याची नोंद दुरुस्त केली’ हा संदेश हूकने ‘72 पेक्षा लांब’ म्हणून परतवला. काना-मात्रा, जागा धरून खुणा 37. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण 3 बाइट घेते. हूक बाइट मोजत होता, ते भरले 103. अक्षरं मोजायला सांगितलं तरी 103च, कारण सर्व्हरचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, ‘सी’ होतं. ‘सी डॉट यूटीएफ-8’ केलं, तेव्हा 37 दिसले. आपल्या भाषेत लिहिणाऱ्याला हूक लांबीचं कारण दाखवून परत पाठवत होता, याचा मला राग आला.

6:15. दुरुस्त हूक खऱ्या सर्व्हरवर चढवला, परवानगी दोनदा पाहिली. मग सकाळचाच बनावट पासवर्ड नव्या ब्रँचवर पुश केला. पडद्यावर ओळ आली: ‘रिमोट रिजेक्टेड’. मागोमाग सुपारीचा संदेश पाठवला. तो गेला.