आळस नव्हे, सैल सांधे

आमच्या भालकीच्या घरी पाहुणे आले की एक कार्यक्रम ठरलेला असायचा. चहाचं आधण ठेवता ठेवता मी लेकीला हाक मारायची, "बाळा, मावशीला हात करून दाखव की!" मग ती अंगठा वाकवून थेट हाताला टेकवायची, करंगळी मागे उलटी उभी करायची. पाहुणे थक्क व्हायचे. "रबराची बाहुलीच आहे. योगासनाच्या स्पर्धेत घाला हिला," असं कुणीतरी म्हणायचंच. मलाही बरं वाटायचं.

ती तिसरीत गेली आणि रोज संध्याकाळी पाय दुखतात म्हणून रडू लागली. सकाळी मात्र उड्या मारत शाळेत जायची. वहीतल्या पहिल्या पाच ओळी सुरेख, पुढे अक्षर घसरत जायचं. आपल्या सीमाभागातल्या मुलांना कन्नड, इंग्रजी आणि देवनागरी अशा तीन लिप्या गिरवाव्या लागतात. लिहिणं काही थोडंथोडकं नसतं. "अभ्यास आला की बरा हात दुखतो तुझा," असं मी कितीदा तरी बोलले. सासूबाई तेवढ्या पायाला तेल चोळत म्हणायच्या, "पोरगी दुखतंय म्हणतीय, खोटं कशाला बोलंल?"

शेवटी बीदरला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लेकीला जे जे करून दाखवायला सांगितलं, ते पाहून मी चमकले. आमचा पाहुण्यांसमोरचा कार्यक्रमच होता तो! करंगळी मागे काटकोनापलीकडे जाते का, अंगठा हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलट्या बाजूला वाकतो का, याचा प्रत्येक बाजूला एक गुण. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकले तर आणखी एक. असे एकूण 9 गुण. दक्षिण आफ्रिकेतले आनुवंशशास्त्रज्ञ पीटर बायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ही पद्धत मांडली. आजही जगभर तीच वापरतात. लेकीला 7 गुण मिळाले. शाळेत एवढे मिळाले असते तर मी पेढे वाटले असते.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हाडांना हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध काही मुलांमध्ये जन्मतः जास्त ताणले जातात. याला हायपरमोबिलिटी म्हणतात. हे बरेचदा घराण्यातच असतं, मुलींमध्ये जास्त दिसतं आणि वयाबरोबर कमी होत जातं. यात घाबरण्यासारखं काही नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर निम्म्याहून जास्त भारतीय मुलांचे सांधे असे लवचीक निघाले होते. त्यातल्या बहुतेकांना कसलाच त्रास नसतो. काहींना मात्र होतो. बंध सैल असले की सांधा जागेवर धरायचं काम स्नायूंवर पडतं. दिवसभर ते राबतात आणि संध्याकाळी दुखू लागतात. पेन धरणारी बोटंही तशीच दमतात. म्हणजे माझी लेक आळशी नव्हती. ती इतरांपेक्षा जास्त कष्ट करत होती.

अशा मुलांचं रोजचं जगणं कशानं अवघड होतं, याचा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात तीन गोष्टी पुढे आल्या: दुखणं, थकवा, आणि हसताना, खोकताना किंवा उडी मारताना नकळत होणारी लघवी. हे तिसरं मुलं लाजेनं कुणाला सांगत नाहीत. खेळाच्या तासाला मूल कोपऱ्यात बसत असेल, तर जवळ घेऊन हळूच विचारा.

आम्ही काय केलं? आधी तो पाहुण्यांसमोरचा कार्यक्रम बंद केला, कारण सांधे पुन्हा पुन्हा टोकापर्यंत ताणून फायदा काहीच नाही. फिजिओथेरपिस्टनी मांड्या, पोट आणि खांदे बळकट करणारे व्यायाम शिकवले. रोज पंधरा मिनिटं, घरातल्या सगळ्यांनी मिळून. सायकल सुरू केली. सपाट चपलेऐवजी टाच धरून ठेवणारे बूट घेतले. जाड पेन दिलं आणि लिहिताना पाय टेकतील अशी खुर्ची. शाळेत बाईंना भेटून मध्ये थोडं थांबून लिहायची परवानगी घेतली. खेळ बंद करायचा नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. विश्रांती म्हणून मूल बसूनच राहिलं तर स्नायू आणखी कमजोर होतात.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी थांबू नका. सांध्याला सूज, सकाळी उठल्यावर आखडलेपण, लंगडणं, ताप, वजन घटणं, सांधा निखळणं, खूप ताणली जाणारी कातडी, किंवा फार उंच, लांब बोटांच्या मुलाला नजरेचा त्रास. यामागे वेगळा आजार असू शकतो. बीदर आणि कलबुरगी, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे मोफत होते. पथक आलं की मुलाचं दुखणं त्यांच्या कानावर घाला.

चार-पाच महिन्यांत फरक दिसला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण रोजचं रडणं थांबलं. गेल्या वर्षी शाळेची सहल बीदरच्या किल्ल्यावर गेली, तेव्हा ती सगळ्यांबरोबर दिवसभर हिंडली. घरी येऊन म्हणाली, "आई, आज पाय दुखतायत. जरा तेल लावशील?" तेलाची वाटी घेऊन मी बसले. या वेळी मी दुसरं काही बोलले नाही.