ओठाचे कडे पुन्हा जोडताना

आंबोलीच्या धुक्यात गरम चहाचा घोट घेणाऱ्याला ओठ किती काम करतात याची जाणीव नसते. तोंडाभोवती स्नायूचे एक गोल कडे आहे. ते आवळले की घोट आत राहतो, लाळ गळत नाही, 'प', 'ब', 'म' ही अक्षरे उमटतात. कर्करोगामुळे खालचा ओठ काढावा लागला, तर शल्यविशारदापुढचा प्रश्न केवळ रूपाचा नसतो; हे तुटलेले कडे पुन्हा जोडायचे असते.

गाठ लहान असताना काम सोपे असते. ओठाचा सुमारे एकतृतीयांश भाग गेला, तरी उरलेले काठ थेट शिवता येतात. त्याहून मोठ्या पोकळीसाठी शेजाऱ्याकडून उसने घ्यावे लागते. न्यूयॉर्कचे रॉबर्ट ॲबी यांनी १८९८ मध्ये खालच्या ओठाचा त्रिकोणी तुकडा वरच्या ओठात वळवला. तीच युक्ती उलट दिशेनेही चालते. दोन-तीन आठवडे दोन्ही ओठ एका अरुंद दुव्याने जोडलेले राहतात, रुग्ण पातळ पेजेवर असतो. तुकड्याला नव्या जागी रक्त मिळू लागले की दुवा कापतात. १९७४ मध्ये कारापांझिक यांनी नसा व रक्तवाहिन्या जपून उरलेला ओठच सरकवण्याची रीत मांडली. तीत स्पर्श आणि हालचाल टिकते, तोंड मात्र लहान होते. कवळी बसवणे अवघड जाते.

ओठ पूर्णच गेला, तर मनगटाजवळची त्वचा तिथल्या स्नायुरज्जूसह आणून दोन गालांमध्ये ताणून बसवतात आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. असा ओठ पाणी अडवतो. स्वतःहून आवळत नाही.

शेजारची त्वचा वळवण्याची ही विद्या मराठी मुलखाला परकी नाही. ओठ सांधण्याचा विचार सुश्रुतसंहितेत आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक घडवून दिले. तो वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने छापला आणि युरोपातील शल्यविशारदांनी ती रीत उचलली. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपले नाही.

आपल्याकडे या रोगाचे मोठे कारण म्हणजे ओठाआड धरलेला तंबाखू-चुना. तंबाखूची जुनी पेठ निपाणी आंबोलीहून आजरा-गडहिंग्लजच्या वाटेने दूर नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूच्या पुड्या मात्र किराणा दुकानात गल्ल्याशेजारी टांगलेल्या असतात, आणि गल्ल्यावर बसणारे घर अनेकदा स्वतः तंबाखूला शिवत नाही. रोजच्या गिऱ्हाइकाच्या ओठावरचा पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम त्या दुकानदाराला डॉक्टरांच्या आधी दिसते. पुडी देणाऱ्या हाताने तेवढे बोलून दाखवणे कठीण, हेही खरे.

अशी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तुकडा काढून तपासणी करावी लागते. मानेतील गाठीही पाहतात. आंबोलीकरांना प्रथम सावंतवाडी गाठावी लागते. पुढील उपचारांसाठी बांबोळी, बेळगाव किंवा १९४१ पासून परळला असलेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश असल्याने शिधापत्रिका सोबत ठेवावी. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या रुग्णाने तो नियम शस्त्रक्रियेपूर्वीच आहारतज्ज्ञांना सांगावा, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ आहाराच्या वेळा त्याप्रमाणे आखता येतात.