मुंबईचे बंदर पाहताना



आपल्या सिंधुदुर्गनगरीपासून, म्हणजेच ओरोसपासून, मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. तरीही मुंबई आपल्याला परकी वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी कामधंद्यासाठी मुंबईला गेलेले असते. तुमच्यापैकी पुष्कळ जण सुट्टीत मामांकडे किंवा काकांकडे मुंबईला जातात. राणीचा बाग, चौपाटी, मोठमोठ्या इमारती पाहून येतात. पण तुम्ही मुंबईचे बंदर पाहिले आहे काय?

मी शाळेत असताना हाच प्रश्न मला माझ्या आजोबांनी विचारला होता. आमची सहल नुकतीच मुंबईहून परत आली होती. मी ऐटीत म्हणालो, "हो, मरीन ड्राइव्हवर जाऊन आलो." आजोबा हसले. म्हणाले, "तो समुद्र झाला. बंदर दुसऱ्या बाजूला आहे." आजोबा तरुणपणी जहाजावर खलाशी होते. मुंबईच्या गोदीतूनच ते जहाजावर चढत आणि तेथेच उतरत. त्यांच्या पगारावर आमचे घर उभे राहिले होते. आणि मी त्या बंदराकडे पाठ करून परत आलो होतो! मला फार खजील वाटले. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा पाठ लिहीत आहे.

प्रथम शब्दाची गंमत पाहू. उर्दूत 'बंदर' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर माकड येते. मराठीत मात्र जहाजे जेथे थांबतात त्या जागेला बंदर म्हणतात. उर्दूत आपण तिला 'बंदरगाह' म्हणतो. हा शब्द फारसीतून आला. समुद्रावरचे असे कितीतरी शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी वाटून घेतले आहेत. जहाज, किनारा, खलाशी हे शब्द दोन्हीकडे आहेत. उर्दूतील 'नाखुदा' मराठीत 'नाखवा' झाला आणि 'लंगर' मराठीत 'नांगर' झाला. मात्र मराठीत शेत नांगरायच्या अवजारालाही नांगर म्हणतात, हे विसरू नका.

आता नकाशा उघडा. मुंबई उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. मरीन ड्राइव्ह, जुहू ही ठिकाणे याच बाजूला आहेत. पूर्वेला मुंबई आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खाडीसारखे रुंद पाणी आहे. तेच मुंबईचे बंदर. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून उसळत येणाऱ्या लाटा मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतात. पूर्वेकडचे पाणी त्या मानाने शांत राहते. म्हणजे मुंबईची जमीनच बंदराची भिंत झाली आहे. शिवाय तेथे मोठी जहाजे येऊ शकतील इतकी खोली आहे.

आपल्या मालवणशी तुलना करून पाहा. मालवणच्या किनाऱ्याजवळ पाण्यात जागोजागी खडक आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याच्या रक्षणाला हे खडक उपयोगी पडले, पण मोठ्या जहाजांना तेच अडचणीचे होते. पूर्वी मुंबईहून येणारी आगबोट मालवणला दूर पाण्यात उभी राहत असे आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणावे लागे. एकाच सागराच्या काठी दोन गावे, पण किनाऱ्याच्या घडणीमुळे त्यांचे नशीब निराळे झाले.

मुंबई मुळात सात बेटांची होती. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडच्या राजाशी विवाह ठरला, तेव्हा पोर्तुगिजांनी मुंबई इंग्रजांना आंदण म्हणून दिली. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्यातील कारागिरांनी येथे सागवानी लाकडाची उत्तम जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेले आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या जहाजांचा आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा वाचला. आगगाडीने देशातील कापूस बंदरात येऊ लागला आणि तेथून जगभर जाऊ लागला. मुंबई मोठी झाली ती अशी.

जहाजातील माल चढवायच्या व उतरवायच्या जागेला गोदी म्हणतात. मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात मोठा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तो चार मीटरहून अधिक असतो. मग ओहोटीला जहाज खाली बसणार नाही काय? यावर इंजिनियरांनी युक्ती काढली. मोठा हौद बांधून त्याला दरवाजे बसवले. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी ते लावून घ्यायचे. बाहेर ओहोटी असली, तरी आत पाणी भरलेलेच राहते. १९१४ साली सुरू झालेली अलेक्झांड्रा गोदी याच तत्त्वावर बांधली गेली. तिलाच आता इंदिरा गोदी म्हणतात.

या बंदराने दुःखही पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. त्या जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी चारनंतर दोन भयंकर स्फोट झाले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे साठहून अधिक जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर तीन वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही आगबोट वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक उतारूंचे प्राण गेले. कोकणातील कितीतरी घरांत त्या दिवशी आकांत झाला.

आता प्रत्यक्ष बंदर कसे पाहावे ते सांगतो. कोकण रेल्वेने मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर या. याच भागाचे जुने नाव बोरीबंदर. तेथून हार्बर लाईनच्या लोकलमध्ये बसा आणि स्थानकांची नावे वाचत जा. मस्जिद स्थानकाच्या भागाला लोक मस्जिद बंदर म्हणतात. पुढे डॉकयार्ड रोड लागते आणि त्यानंतर कापसाची आठवण करून देणारे कॉटन ग्रीन. नावे वाचली, तरी बंदराचा इतिहास समजतो.

परत येऊन गेटवे ऑफ इंडियाला जा. ही बेसॉल्ट दगडाची २६ मीटर उंचीची कमान १९२४ साली पूर्ण झाली. बादशहाच्या भेटीची आठवण म्हणून इंग्रजांनी ती उभारली होती. पण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रज फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून मायदेशी निघून गेली!

गेटवेजवळून घारापुरीला लाँच जाते. प्रवास सुमारे एक तासाचा आहे. घारापुरीच्या लेण्यांतील भव्य त्रिमूर्ती अवश्य पाहा, पण वाटेतही डोळे उघडे ठेवा. नांगर टाकून उभी असलेली जहाजे दिसतील. पलीकडे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच याऱ्या दिसतील. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. पोलादी पेट्यांतून येणारा बहुतेक माल आता तेथेच उतरतो. २०२४ साली खुला झालेला अटल सेतूही याच पाण्यावर आहे.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. गोदीत परवान्याशिवाय प्रवेश मिळत नाही, म्हणून पहारेकऱ्यांशी हुज्जत घालू नका. हवा खराब असेल आणि लाँच सुटणार नाही असे सांगितले, तर हट्ट धरू नका, 'रामदास' आठवा. ससून गोदीत पहाटे मासळी उतरते. ती पाहायला गेलात, तर काम करणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका.

आणि एक शेवटची गोष्ट. मुंबईला निघण्यापूर्वी आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ बसा. कोणी आगबोटीने मुंबई गाठली असेल, कोणी गोदीत ओझी वाहिली असतील, तर कोणी जहाजावर इंजिनात कोळसा ओढला असेल. १९९५ पर्यंत हजचे यात्रेकरू मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. कोणी त्यांना निरोप द्यायला धक्क्यावर उभे राहिले असेल. त्यांना विचारा, ते कोठे उतरत होते, कोठे राहत होते. ती जागा वहीत लिहून घ्या आणि मुंबईत गेल्यावर शोधून काढा.

मी दुसऱ्यांदा मुंबईला गेलो, तेव्हा तसेच केले. परत आल्यावर आजोबांनी पुन्हा विचारले, "बंदर पाहिलेस?" या वेळी मी मान वर करून "हो" म्हणालो. मग त्या रात्री मी थोडेच बोललो. आजोबाच खूप वेळ बोलत राहिले.