उदगीरहून दुबईला येताय? आधी बेसिक विचारा

आजचा भाग उदगीर, देवणी, जळकोटकडून फोन करणाऱ्या पोरांसाठी. प्रश्न बहुतेक एकच असतो: "दादा, २,००० दिरहम पगार म्हणजे बरा का?" मी उलट विचारतो, त्यात बेसिक किती?

सांगतो का ते. इथं पगाराचे दोन तुकडे असतात. एक मूळ पगार, म्हणजे बेसिक. दुसरा भत्त्यांचा: राहण्याचा, येण्याजाण्याचा. महिन्याला दोन्ही मिळूनच खात्यात पडतात, म्हणून फरक कळत नाही. कळतो तो नोकरी सोडताना. एक वर्ष पूर्ण केलं की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाचा २१ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. पण हिशेब बेसिकवरच.

आता मांडून बघा. दोघांचाही पगार २,०००. एकाचं बेसिक १,८००, दुसऱ्याचं १,०००. पाच वर्षांनी पहिल्याला ६,३०० दिरहम मिळतील, दुसऱ्याला ३,५००. काम तेच, घाम तोच, फरक २,८०० चा. ओव्हरटाइमचा दरही बेसिकवरच निघतो.

दुसरा प्रश्न विचारायचा तो खोलीचा. कंपनी खोली देणार की भत्ता? भत्ता असेल तर एकट्यानं फ्लॅट परवडत नाही. मग 'बेड स्पेस' घ्यायची, म्हणजे भाड्यानं एक पलंग. खोलीत आणखी चार-सहा जण, स्वयंपाकघर पाळीनं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण भाकरी थापायला आपली पाळी यावी लागते!

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडं मे महिना सोसलेला असला तरी इथला दमटपणा वेगळा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. हा नियम माहीत असू द्या.

भाषेची मात्र धास्ती घेऊ नका. उदगीरच्या बाजारात मराठी, दखनी, कन्नड, तेलुगू ऐकत वाढलेल्या माणसाला दुबई तितकी परकी वाटत नाही. दुकानात, टॅक्सीत हिंदी-उर्दूवर भागतं. घरी फोन करताना एवढंच ध्यानात ठेवायचं की आपण दीड तास मागं आहोत. इथं रात्रीचे साडेनऊ वाजले की आईकडं अकरा वाजलेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे. "आधी ये, मग बघू" म्हणणाऱ्याच्या नादी लागून शेत गहाण टाकू नका. भरतीचा आणि कामाच्या व्हिसाचा खर्च इथल्या कायद्यानं मालकानं करायचा असतो. पासपोर्टही मालकाला ठेवून घेता येत नाही. तुमची दहावी झालेली नसेल आणि पासपोर्ट ईसीआरचा असेल, तर निघण्याआधी भारत सरकारच्या ई-मायग्रेटमधून मंजुरी लागते. एजंटची नोंदणीही तिथंच तपासता येते.

ऑफर लेटर हिंदीतही मागता येतं. ते मिळालं की बेसिक, खोली, कामाचे तास आणि सुट्टीचं तिकीट या चार ओळींवर बोट ठेवून वाचा. चारही लेखी असतील तरच सही करा. फोनवरच्या शब्दाला इथं कुणी विचारत नाही.